जुन्या वाणांचे टोमॅटो: बी मिळवण्यापासून बी राखण्यापर्यंत

देठाजवळ हिरवट खांदे, अंगाला खोल पाकळ्या, जरा दाबलं तरी बोट रुतेल इतका मऊ आणि विळीवर धरला की रस ओघळणारा टोमॅटो हल्ली मंडईत क्वचितच दिसतो. तो संपलेला मात्र नाही. गच्चीवर किमान सहा तास ऊन येत असेल आणि थोडा धीर असेल, तर तो घरी पिकवता येतो. एकदा त्याचं बी राखायला शिकलात की मग दरवर्षी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. हा लेख त्या सगळ्या वाटेबद्दल आहे: बी कुठून आणायचं, कधी पेरायचं, कसं जगवायचं, फळ कसं खायचं आणि पुढच्या वर्षाची सोय कशी करायची.

हेअरलूम म्हणजे नेमकं काय

ज्याचं बी माणसांनी पिढ्यान्पिढ्या राखून एकमेकांना दिलं, असा सरळ वाण म्हणजे हेअरलूम. सरळ वाणाच्या फळातलं बी पेरलं की तसंच फळ मिळतं. दोन वेगळ्या वाणांचा मेळ घालून बनवलेल्या संकरित वाणाचं तसं नसतं. बाजारातल्या संकरित टोमॅटोचं बी पेरलं तर रोपं उगवतात, फळंही धरतात, पण प्रत्येक झाड वेगळं निघतं. कुणी पन्नास वर्षांची अट घालतं, कुणी दुसऱ्या महायुद्धाआधीचाच वाण खरा मानतं. मला वाणाच्या वयापेक्षा तो कुणी आणि का जपला हे जास्त मोलाचं वाटतं.

‘चेरोकी पर्पल’ घ्या. 1990 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीमधून एका गृहस्थांनी क्रेग लहुलिअर या टोमॅटोवेड्या बागकाम करणाऱ्याला पत्रातून थोडं बी पाठवलं. हा जांभळा टोमॅटो शंभर वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून शेजारच्या घरात आला, असं त्यांनी लिहिलं होतं. लहुलिअर यांनी तो लावला, त्याला नाव दिलं, बी कंपन्यांकडे पाठवलं आणि आज तो जगभर लावला जातो. ‘मॉर्गेज लिफ्टर’ हा वेस्ट व्हर्जिनियातल्या एम. सी. बाइल्स यांचा. ते गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचे. मोठमोठ्या टोमॅटोंचे संकर करत आणि निवड करत त्यांनी हा वाण पक्का केला आणि 1940 च्या दशकात एक-एक डॉलरला रोपं विकून घराचं कर्ज फेडलं. उलट, ‘ग्रीन झेब्रा’ हा हिरव्या पट्ट्यांचा टोमॅटो सगळीकडे हेअरलूम म्हणून विकला जातो, पण तो टॉम वॅगनर यांनी 1983 मध्ये आणलेला आहे. तरी तो सरळ वाण आहे, चवीला झकास आहे, तेव्हा खुशाल लावा.

चव कुठे गेली

याचं उत्तर बरंचसं त्या हिरव्या खांद्यांत आहे. फळ एकसारखं रंगावं, कुठलं तोडायला आलं ते पटकन कळावं, म्हणून पैदासकारांनी खांदे हिरवे न राहणारी झाडं निवडली. ती निवड करताना नेमकं काय बंद पडलं हे 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या संशोधनातून स्पष्ट झालं. कच्च्या फळातल्या हरितलवकांची वाढ करणारं एक जनुक या निवडीत निकामी झालं होतं. फळ स्वतः ऊन घेऊन जी साखर बनवतं, ती त्यामुळे कमी झाली. 2017 मध्ये त्याच नियतकालिकात 398 वाणांचा अभ्यास आला. टोमॅटोला टोमॅटोचा स्वाद देणारी अनेक सुगंधी रसायनं आधुनिक वाणांत घटली आहेत, असं त्यात दिसलं.

यात शेतकऱ्याला दोष देऊ नये. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतहून वीस किलोच्या क्रेटमध्ये भरलेला टोमॅटो शेकडो किलोमीटर दूरच्या बाजारात धडधाकट पोहोचावा लागतो. पातळ सालीचं, रसाळ फळ वाटेतच फुटेल आणि नुकसान शेतकऱ्याचं होईल. गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंतच प्रवास असेल, तर मात्र ही अट आपल्याला लागू नाही. म्हणूनच हे वाण घरी लावण्यात अर्थ आहे.

बी कुठून मिळवायचं

परदेशी नावांचं आकर्षण वाटणं साहजिक आहे, पण पहिला शोध घराजवळ घ्या. टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे तो युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आला, इथे मुरला आणि त्याचे गावरान वाण तयार झाले. वऱ्हाडात भेद्रं म्हणतात ते लहान, आंबट, पाकळ्यांचे टोमॅटो कुणाच्या तरी परसात अजून असतात. आठवडी बाजारात कोपऱ्यात बसून दोन-चार वाटे मांडणाऱ्या आजी दिसल्या तर आधी त्यांच्याकडचे टोमॅटो पाहा आणि विचारा, “आजी, बी घरचंच का?” होय म्हणाल्या तर अर्धा किलो घ्या आणि त्यातलं सगळ्यात चांगलं, पूर्ण पिकलेलं फळ बियांसाठी बाजूला ठेवा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यामुळे बी राखणाऱ्या बायाबापड्यांच्या कामाकडे महाराष्ट्राचं लक्ष गेलं. आता बियाणं महोत्सव ठिकठिकाणी भरतात. तिथे बी घेताना देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: फळ किती मोठं, झाड किती उंच जातं आणि कुठल्या हंगामात लावता.

तमिळनाडूत किंवा बंगळुरूत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर हे आणखी सोपं आहे. तिथे ‘नाटू’ किंवा ‘नाटी’, म्हणजे गावरान, टोमॅटो आणि संकरित टोमॅटो वेगवेगळे मांडलेले असतात. पेरियाकुलमचा पीकेएम-1 हा तिथल्याच एका स्थानिक वाणापासून तयार केलेला, हिरव्या खांद्यांचा, चपटा-गोल टोमॅटो सारासाठी फार चांगला. राहुरी कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे जुने म्हणता येणार नाहीत, पण सरळ वाण आहेत. बी राखायचा सराव त्यांच्यावर करता येतो.

परदेशी वाणांचं बी भारतातल्या विक्रेत्यांकडूनच घ्या. अमेरिकेतल्या भाच्याला बॅगेतून पुड्या आणायला सांगू नका. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसताना बी देशात आणणं नियमात बसत नाही. नियमाचा मुद्दा सोडला तरी टोमॅटोच्या बियांबरोबर विषाणू फिरतात. 2014 मध्ये इस्रायलमध्ये आढळलेला ब्राऊन रुगोज विषाणू बियाण्यांमार्फतच देशोदेशी पसरला. एका पुडीपायी अख्ख्या तालुक्याच्या पिकाला धोका नको.

पहिल्या वर्षी तीनच वाण घ्या: एक गावरान, एक चेरी म्हणजे लहान गोल फळांचा आणि एक मोठ्या फळाचा. चेरीमध्ये ‘ब्लॅक चेरी’ आणि मोठ्यांमध्ये ‘चेरोकी पर्पल’ मी सुचवेन. ‘ब्रँडीवाइन’ची ख्याती मोठी आहे, पण ते झाड आपल्या हवेत रुसतं. फळं कमी आणि उशिरा देतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लावा.

पेरणीची वेळ

जुन्या वाणांच्या यशापयशाचा निम्मा हिशेब इथेच होतो. दिवसाचं तापमान 35 अंशांवर गेलं किंवा रात्री उबदार राहिल्या की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. 30 अंशांच्या वर लाल रंगही नीट भरत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं. संकरित वाण हा ताण काही प्रमाणात सोसतात. मोठ्या फळांचे हेअरलूम सोसत नाहीत.

म्हणून पुणे, नाशिक, सातारा, नगर या पट्ट्यात गणपतीच्या सुमारास बी पेरा. दसऱ्याच्या आसपास रोपं मोठ्या कुंडीत जातील, दिवाळीनंतरच्या थंडीत फुलं येतील आणि संक्रांतीच्या आगेमागे मोठी फळं पिकू लागतील. चेरी त्याआधीच सुरू होईल. विदर्भ-मराठवाड्यातही हेच वेळापत्रक चालतं, फक्त होळीनंतर झाडाकडून फार अपेक्षा ठेवू नका. मुंबई आणि कोकण-गोव्यात पाऊस पूर्ण ओसरू द्या. दसरा-दिवाळीच्या दरम्यान पेरा आणि चेरी किंवा लहान गावरान वाणांवरच भर द्या. तिथल्या मातीत मर रोगाचा त्रास असतो. कुंडीत नवी माती वापरली तर तो बराच टळतो. कलम करता येत असेल तर वांग्याच्या खुंटावर टोमॅटो बांधणं हा त्यावरचा पक्का उपाय.

रोप ते झाड

कागदी कपात किंवा ट्रेमध्ये भिजवलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं भरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका आणि अंकुर दिसेपर्यंत ओल ठेवा. पाच ते आठ दिवसांत बी उगवतं. उगवल्याबरोबर ट्रे उन्हात हलवा. सावलीत राहिलेली रोपं लांबुडकी होऊन माना टाकतात.

या काळातला खरा शत्रू पांढरी माशी. ती चुरडा-मुरडाचा विषाणू आणते आणि जुन्या वाणांत त्याला प्रतिकार जवळजवळ नसतो. पहिला महिनाभर रोपं बारीक जाळीखाली ठेवा. चार काठ्या आणि पांढरी माशीही शिरणार नाही इतक्या बारीक विणीची जाळी पुरते. पानं आकसून वर वळली, झाड खुरटलं की ते उपटून टाका. त्यावर औषध नाही आणि ते झाड ठेवलं तर शेजारच्यांनाही लागण होते.

उगवतानाच्या पहिल्या दोन पानांनंतरची चार-सहा खरी पानं आली की, साधारण 25 ते 30 दिवसांत, रोप मोठ्या जागी लावा. उंच वाढणाऱ्या वाणाला 18 इंचांची कुंडी किंवा ग्रो बॅग लागते. लहान कुंडीत झाड जगतं, पण फळ तोंडाला पाणी सुटण्याइतकं होत नाही. माती, कोकोपीट आणि मुरलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घ्या, वर दोन मुठी निंबोळी पेंड. रोप लावताना खालची पानं काढा आणि दांडा पार वरच्या पानांपर्यंत गाडा. टोमॅटोच्या दांड्याला मातीत कुठेही मुळं फुटतात. शेणखत ताजं असेल तर वापरू नका. पाला माजतो आणि फुलं येत नाहीत.

त्याच दिवशी सहा-सात फुटांचा बांबू रोवा, नंतर रोवला की मुळं तुटतात. सुतळीने सैल आठाचा वेढा देऊन दांडा बांधत न्या. पान आणि दांड्याच्या बेचक्यात येणाऱ्या बगलफुटी बोटभर असतानाच मोडा. गच्चीवर एका झाडाला दोन मुख्य फांद्या ठेवल्या की पुरे. खालचा फूटभर दांडा पानांशिवाय ठेवा, म्हणजे पाण्याबरोबर उडणारी माती पानाला लागत नाही आणि करपा लांब राहतो. मातीवर उसाचं पाचट किंवा वाळका पाला अंथरा. तंबाखू किंवा मिश्री हाताळलेल्या हातांनी झाडाला शिवू नका, हात साबणाने धुऊन मगच कामाला लागा. तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटोत जातो.

पाणी सकाळी, बुंध्याशी आणि नेमाने. फळाचा बुडखा काळा पडतो तेव्हा लोक अंड्याची टरफलं घालतात. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच. पाण्यात खंड पडल्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की फळं तडकतातही. पातळ सालीच्या जुन्या वाणांत हे लगेच दिसतं.

फूल नीट पाहण्यासारखं असतं. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा एक निमुळता शंकू असतो, पराग त्याच्या आत असतो आणि तो आतल्या बाजूनेच गळतो. हलल्याशिवाय तो सुटत नाही. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हा पराग झडतो. मधमाशीला ही कला येत नाही. दहाव्या मजल्यावर भुंगा येत नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास, दव सुकल्यावर, फुलांच्या घोसामागे टिचकी मारा. बॅटरीवर चालणारा टूथब्रश देठाला टेकवला तर काम आणखी चांगलं होतं. काळा कागद खाली धरलात तर पिवळी धूळ पडलेली दिसेल.

मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे टांगा. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून पानांच्या खालून फवारा. फळ पोखरणारी अळी हाताने वेचा.

तोडणी आणि खाणं

बुलबुल आणि खारी आपल्या आधी पोहोचतात. फळाने रंग धरायला सुरुवात केली की घोसाला पातळ कापडी पिशवी बांधा. किंवा निम्मा रंग आला की फळ तोडून घरात, उन्हापासून दूर, देठाकडची बाजू खाली करून ठेवा. रंग फुटल्यानंतर तोडलेलं फळ घरात पिकलं तरी चवीत फारसा फरक पडत नाही.

जांभळ्या वाणांचे खांदे पिकल्यावरही हिरवट-तपकिरी राहतात. ते लाल होण्याची वाट पाहिलीत तर फळ उतरून जाईल. हिरव्याच राहणाऱ्या वाणांत बुडाला पिवळसर झाक येते आणि दाबल्यावर फळ किंचित लवतं. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा.

फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. साधारण 12 अंशांखाली स्वादाची रसायनं बनवणारी जनुकं मंदावतात आणि फळ बाहेर काढलं तरी चव पूर्ण परतत नाही. हेही 2016 मध्ये संशोधनातून सिद्ध झालं आहे. ओट्यावर परातीत, एका थरात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

पहिलं फळ शिजवू नका. चेरोकी पर्पल आडवा कापा. आतला गर विटकरी-जांभळा आणि बियांभोवतीचा रस हिरवट दिसेल. अर्ध्या इंचाच्या चकत्या ताटलीत मांडा, वर जाडं मीठ भुरभुरवा आणि दहा मिनिटं थांबा. मिठाने सुटलेला रस चकतीबरोबर खा. आधी गोड, मग आंबट आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारी, जवळजवळ मटणाच्या रश्शासारखी खोल चव येईल. ती चव बियांभोवतीच्या रसात सगळ्यात जास्त असते, तेव्हा बिया काढून टाकायचा विचारही करू नका.

मग प्रत्येक वाणाला त्याचं काम द्या. मोठ्या गोडसर टोमॅटोची कोशिंबीर करा: दाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर, साखर अगदी चिमूट. दही नको, ते आंबटपणाची नजाकत झाकतं. गावरान आंबट फळं साराची. नारळाचं दूध आणि तुपाची जिऱ्याची फोडणी त्यांनाच पेलते, गोड वाणाचं सार मिळमिळीत होतं. भेद्रं निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर भाजा, साल काढा, लसूण-मिरचीबरोबर ठेचा आणि वरून कच्चं तेल घाला. गर जास्त, रस कमी असलेला ‘सान मार्झानो’ हा इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या पायथ्याचा लांबट वाण मिळाला तर तो चटणीसाठी आणि आटवून ठेवण्यासाठी राखा, कच्चा खायला तो सामान्यच आहे. हंगामाच्या शेवटी झाडावर राहिलेल्या कच्च्या फळांची तीळ-दाण्यांची हिरवी चटणी होते, ती भाकरीबरोबर हवीच.

बी राखणं

बियांसाठी फळ निवडण्याआधी झाड निवडा. निरोगी, वाणाच्या लक्षणांना धरून असलेलं, तुमच्या गच्चीत सगळ्यात सुखाने वाढलेलं झाड घ्या. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली फळं पूर्ण पिकू द्या. सगळ्यात मोठं एकच फळ निवडण्यापेक्षा तीन-चार चांगली फळं घ्या.

टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे लहान वाण शेजारी-शेजारी असले तरी भेसळ कमी होते. ब्रँडीवाइनसारख्या, बटाट्यासारखी पानं असलेल्या वाणांत स्त्रीकेसर शंकूबाहेर डोकावतं आणि भुंगा परका पराग आणू शकतो. तिथे कळ्या उमलण्याआधी घोसाला पातळ पिशवी बांधा, रोज टिचकी मारा, वाटाण्याएवढी फळं धरली की पिशवी काढा आणि त्या घोसाला रंगीत लोकरीचा धागा बांधून खूण करा.

पिकलेलं फळ कापून बिया रसासकट काचेच्या पेल्यात काढा, थोडं पाणी घाला, वर फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. आंबवल्यावर ते सुटतं आणि बियांवरचे काही रोगजंतूही कमी होतात. दोन-तीन दिवसांत वर पांढरट साय धरते, आंबूस वास येतो आणि चांगल्या बिया तळाला बसतात. यापुढे ठेवू नका, पेल्यातच मोड येतील. साय आणि तरंगणाऱ्या पोकळ बिया ओतून द्या, गाळणीत खळखळून धुवा आणि स्टीलच्या ताटलीत पसरा. कागदावर त्या चिकटून बसतात. सावलीत वाऱ्यावर पाच-सहा दिवस वाळवा, रोज बोटाने मोकळ्या करा. आज्या राखेत चोळून बी वाळवत, तेही उत्तम चालतं.

खणखणीत वाळलेलं बी कागदी पाकिटात भरा. त्यावर वाण, साल, बी कुणाकडून मिळालं आणि झाडाबद्दल एखादी ओळ लिहा. पाकिटं घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. थंड, अंधाऱ्या जागी बी चार-पाच वर्षं सहज टिकतं. पेरणीआधी शंका आली तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. सात-आठ उगवल्या तर निर्धास्त पेरा, तीन-चारच उगवल्या तर दुप्पट पेरा आणि त्याच हंगामात नवं बी धरा.

हे बी देण्याघेण्यात कायद्याची अडचण नाही. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 शेतकऱ्याला बी राखण्याचा, बदलण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क देतो. तेव्हा पाकिटं भरताना प्रत्येक वाणाची दोन करा आणि दुसरं पाकीट वेगळ्या गावातल्या माणसाकडे द्या. तुमच्याकडे मर आली, वानरांनी गच्ची उद्ध्वस्त केली किंवा बरणीत ओल शिरली, तर तो वाण तिथून परत मागवता येईल.